टीबीचा जंतू आता अक्षर-अक्षर वाचला जातोय : जिनोम सिक्वेन्सिंग म्हणजे नेमकं काय, आणि आपल्या तालुक्यातल्या रुग्णाला त्याचा उपयोग काय?

टीबीचं औषध सुरू आहे, गोळ्या न चुकता घेतल्या, दोन-तीन महिने उलटले तरी खोकला हटत नाही आणि वजन वाढत नाही. असे रुग्ण प्रत्येक तालुक्यात सापडतात. मग घरात आणि पारावर चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं डॉक्टर बदला, कुणी म्हणतं शहरात न्या, कुणी म्हणतं गोळ्या गरम पडतात, थोडे दिवस बंद ठेवा. खरा प्रश्न बाजूलाच राहतो. छातीत जो जंतू बसलाय तो या गोळ्यांनी मरतो का?

या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या तपासण्यांमध्ये आता जिनोम सिक्वेन्सिंगची भर पडली आहे. कोरोनाच्या काळात हा शब्द रोज बातम्यांत यायचा. तेच तंत्र आता टीबी आणि छातीच्या इतर आजारांसाठी वापरलं जात आहे. ते काय करतं, कुठं कामाचं आहे आणि कुठं नाही, याची ही माहिती.

गोळी का लागू पडत नाही

कापूसवाल्यांना ही गोष्ट वेगळी समजावायची गरज नाही. बीटी कापूस २००२ मध्ये आला तेव्हा बोंडअळीची कटकट मिटली असं वाटलं. पुढं गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईना, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. अळी काही शिकून हुशार झाली नव्हती. लाखो अळ्यांमध्ये चार-दोन मुळातच वेगळ्या होत्या, त्या वाचल्या आणि त्यांचीच पिलावळ वाढली. कमी मात्रेची फवारणी केली की हेच होतं.

टीबीच्या जंतूचंही तसंच आहे. छातीत कोट्यवधी जंतू असतात. त्यातले काही थोडे मुळातच एखाद्या औषधाला न मरणारे असतात. म्हणून तर टीबीला एक गोळी देत नाहीत, चार औषधं एकत्र देतात. एकाला चुकलेला जंतू दुसऱ्यात सापडावा, हा त्यामागचा हिशोब. मध्येच गोळ्या सोडल्या किंवा चुकीची जोडी दिली की वाचलेले जंतू वाढतात. आणि ज्या माणसाने कधी गोळी चुकवली नाही, त्यालाही दुसऱ्याच्या खोकल्यातून हाच न मरणारा जंतू थेट लागू शकतो. त्यामुळे "गोळ्या नीट घेतल्या नसतील" असा ठपका रुग्णावर ठेवण्याआधी जंतू तपासायला हवा.

दोष डॉक्टरांकडेही असतो. मुंबईत धारावीतल्या खासगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगून एक अभ्यास झाला होता, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळ्या प्रकारे औषधं लिहिली होती. त्याच अभ्यासातले डॉ. झरीर उदवाडिया आणि हिंदुजा रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर उपलब्ध कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण नोंदवले. २०१२ च्या सुरुवातीला ती बातमी देशभर गाजली.

रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही टीबीची दोन मुख्य औषधं. दोन्ही लागू पडत नसतील तर त्याला एमडीआर टीबी म्हणतात. २०१४ ते २०१६ दरम्यान देशभर सर्वेक्षण झालं, त्यात नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्के आणि आधी कधी औषध घेतलेल्यांपैकी ११.६२ टक्के जणांना एमडीआर टीबी आढळला. जगातल्या साधारण दर चार टीबी रुग्णांपैकी एक भारतात आहे. त्यामुळे टक्का छोटा वाटला तरी माणसांचा आकडा मोठा होतो.

आजवर तपासणी कशी व्हायची

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जगाला दाखवला. त्यानंतर शंभरेक वर्षं गाडी मुख्यतः दोन तपासण्यांवर चालली. पहिली, बेडका काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. यात जंतू दिसतो, पण तो कोणत्या औषधाने मरेल ते दिसत नाही. शिवाय टीबीचाच नव्हे तर त्याच्यासारखा दिसणारा दुसराच जंतू असला तरी कळत नाही. दुसरी, कल्चर. म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा आणि त्यावर औषध टाकून बघायचं. ही खात्रीची तपासणी, पण टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. नुसतं उगवायलाच दोन ते आठ आठवडे लागतात, औषधाची चाचणी त्यानंतर. तोपर्यंत रुग्ण चुकीच्या गोळ्यांवर राहतो आणि घरातल्यांना लागण देत राहतो.

२०१० नंतर सीबीनॅट आलं. त्याला जीनएक्सपर्टही म्हणतात. बेडका कार्ट्रिजमध्ये घातला की सुमारे दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का, दोन्ही कळतं. नंतर गोव्याच्या कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट आलं. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे लोडशेडिंगच्या गावातही ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. ग्रामीण भागातल्या निदानात खरा फरक या दोन मशिनींनी पडला, हे आधी मान्य केलं पाहिजे. सिक्वेन्सिंग त्यांची जागा घ्यायला आलेलं नाही.

४४ लाख अक्षरं, आणि त्यातली ८१

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो. तो चार अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी आणि सी. टीबीच्या जंतूचा पूर्ण डीएनए म्हणजे सुमारे ४४ लाख अक्षरं, आणि त्यात जवळपास ४ हजार जनुकं. हा पूर्ण मजकूर १९९८ मध्ये पहिल्यांदा वाचला गेला. त्यासाठी जो जंतू वापरला त्याचं नाव एच३७आरव्ही. त्याचं मूळ १९०५ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या नमुन्यात आहे. तेव्हापासून तो प्रयोगशाळेत वाढवला जातोय. आजही आपल्या रुग्णाचा जंतू वाचल्यावर तुलना त्याच्याशीच होते. जुन्या फेरफाराशी नवा उतारा ताडून बघावा तसं.

एका अक्षराने काय फरक पडतो? गट नंबरात एक आकडा चुकला की जमीन दुसऱ्याच्या नावावर दिसते, तसाच पडतो. रिफाम्पिसिन हे औषध जंतूच्या एका प्रथिनाला चिकटून त्याचं काम बंद पाडतं. ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचं नाव आरपीओबी. त्यात एका ठराविक जागी टीसीजी ही तीन अक्षरं असतात. तिथं टीटीजी झालं, म्हणजे सी च्या जागी टी आला, की औषध नीट चिकटत नाही. बास, गोळी निकामी. आयसोनियाझिडची गंमत अजून वेगळी आहे. ही गोळी पोटात गेली तेव्हा निष्क्रिय असते, तिला चेतवण्याचं काम जंतूचंच एक प्रथिन करतं. ते बनवणारं केएटीजी जनुक बिघडलं की गोळी चेततच नाही.

रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंमधला बदल आरपीओबी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका पट्ट्यात असतो. सीबीनॅट तेवढाच पट्टा तपासतं, म्हणून ते झटपट होतं. पण ४४ लाखांपैकी ८१ म्हणजे सबंध शिवारातला एक वाफा. बदल वाफ्याबाहेर असेल तर?

हे प्रत्यक्षात घडलं आहे. आफ्रिकेतल्या स्वाझीलँड देशात, ज्याला आता एस्वातिनी म्हणतात, २००९ च्या सर्वेक्षणातल्या एमडीआर जंतूंची नंतर बारकाईने तपासणी झाली. त्यातल्या सुमारे ३० टक्के जंतूंमध्ये एक असा बदल निघाला जो त्या ८१ अक्षरांच्या बाहेर होता. मशीन अशा रुग्णांना "रिफाम्पिसिन लागू पडेल" असं सांगत होतं आणि औषध काही चालत नव्हतं. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मशीन खोटं बोललं नव्हतं, त्याला जेवढं बघायला सांगितलं होतं तेवढंच त्याने बघितलं.

सिक्वेन्सिंग इथं उपयोगी पडतं. ते "हा ठराविक बदल आहे का" एवढंच विचारत नाही, तिथं जे लिहिलंय ते वाचून दाखवतं.

वाचन होतं कसं

दोन प्रकार आहेत. पहिल्यात जंतूचा पूर्ण डीएनए वाचतात, त्याला होल जिनोम सिक्वेन्सिंग म्हणतात. त्यासाठी बहुधा आधी कल्चर करून जंतू वाढवावा लागतो, कारण बेडक्यात माणसाचा आणि तोंडातल्या इतर जंतूंचा डीएनए भरपूर असतो आणि टीबीचा थोडा. इंग्लंडने २०१७ मध्ये टीबीसाठी ही पद्धत नेहमीच्या कामात आणली. तिथं उगवलेल्या जंतूवरच्या औषध-तपासणीला लागणारा महिन्याभराचा वेळ साधारण आठवड्यावर आला.

दुसरा प्रकार टार्गेटेड सिक्वेन्सिंग. यात औषधांशी संबंधित तेवढीच निवडक जनुकं घ्यायची, पीसीआरने त्यांच्या लाखो प्रती काढायच्या आणि त्या वाचायच्या. हे थेट बेडक्यावर करता येतं, कल्चरची वाट बघावी लागत नाही आणि उत्तर काही दिवसांत मिळू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ही पद्धत स्वीकारत असल्याचं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचना आल्या. आपल्यासारख्या भागासाठी पुढं जाऊन हाच प्रकार कामाचा ठरेल, असं मला वाटतं.

मशिनीचं काम ऐकण्यासारखं आहे. एका पद्धतीत प्रत्येक अक्षराला वेगळा रंग चमकतो आणि कॅमेरा ते टिपतो. दुसऱ्या पद्धतीत डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून ओढतात. कोणतं अक्षर छिद्रातून चाललंय त्यानुसार विजेचा प्रवाह थोडा बदलतो आणि संगणक त्यावरून अक्षरं लिहून घेतो. हे दुसऱ्या प्रकारचं सगळ्यात छोटं मशीन खिशात मावतं.

वाचून झाल्यावर खरा कस लागतो. बदल सापडला, पण त्याने औषध निकामी होतं की नाही? प्रत्येक बदल वाईट नसतो. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने बदलांची एक यादी केली आहे. २०२१ मध्ये पहिली आणि २०२३ मध्ये सुधारित आवृत्ती आली. सुधारित यादीमागे जगभरातल्या ५२ हजारांहून अधिक जंतूंची माहिती आहे. कुठला बदल कुठल्या औषधाला मारक, ते त्यातून ताडून बघतात.

नव्या औषधांसाठी याची गरज जास्त

एमडीआर टीबीला पूर्वी दीड-पावणेदोन वर्षं उपचार चालायचे, काहींना महिनोन्‌महिने इंजेक्शनं लागायची. त्यात कित्येकांच्या कानावर परिणाम झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मंजुरी दिली. त्यात बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशी चार औषधं आहेत, सगळी तोंडाने घ्यायची. रुग्णासाठी ही फार मोठी सुटका आहे.

पण बोंडअळीची गोष्ट इथंही लागू आहे. बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतू जगात आढळू लागलेत. आणि यातले बदल रिफाम्पिसिनसारखे एका पट्ट्यात नसतात, ते सबंध जनुकात कुठंही विखुरलेले सापडतात. ते कार्ट्रिजच्या झटपट चाचणीत पकडणं अवघड. एकतर कल्चर करा नाहीतर ते जनुक पूर्ण वाचा. आज सगळ्यात भरवशाचं नवं औषध हेच आहे, आणि ते अंदाजाने वापरून वाया घालवलं तर त्याच्या मागे उभं करायला फारसं काही नाही.

भारतातही या कामाची सुरुवात झाली आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२२ च्या जागतिक क्षयरोग दिनी "डेअर टू इरॅड टीबी" हा कार्यक्रम जाहीर केला. देशातल्या टीबीच्या जंतूंचं सिक्वेन्सिंग करून इथं कोणते बदल फिरताहेत याचा नकाशा तयार करणं हा त्याचा एक भाग आहे.

कोणाकडून कोणाला लागलं तेही कळतं

टीबीचा जंतू सावकाश बदलतो, साधारण दोन वर्षांत एखादं अक्षर. त्यामुळे दोन रुग्णांच्या जंतूंमध्ये पाच अक्षरांपेक्षा जास्त फरक नसेल तर लागण एकमेकांकडून किंवा एकाच ठिकाणाहून अलीकडे झाली असण्याची शक्यता मोठी. बाराहून जास्त फरक असेल तर संबंध नाही असं धरतात. एकाच वस्तीत, एकाच ऊसतोड टोळीत किंवा आश्रमशाळेत दोन-तीन रुग्ण निघाले तर याचा उपयोग होऊ शकतो. बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडला तर जुनाच जंतू उठला की नवा लागला, हेही यातून समजतं.

टीबी सोडून इतर छातीचे आजार

न्यूमोनियात तर जंतू सापडतच नाही अशी स्थिती बऱ्याचदा असते. अमेरिकेत न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झालेल्या २,२५९ प्रौढांच्या तपासण्या एका मोठ्या अभ्यासात झाल्या होत्या. त्यात ३८ टक्के रुग्णांतच जंतू किंवा विषाणू सापडला, तोही इतक्या साधनसंपन्न देशात. बाकीच्यांना अंदाजानेच औषध.

अशा वेळी फुप्फुसातल्या पाण्याच्या नमुन्यात जो-जो डीएनए, आरएनए आहे तो सगळाच वाचून काढायचा, अशीही पद्धत आहे. तिला मेटाजिनोमिक्स म्हणतात. वुहानमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये कारण न समजलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांचे नमुने असेच वाचले गेले. जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात नव्या कोरोना विषाणूचा पूर्ण मजकूर जगासमोर आला. त्यावरूनच तपासणीचे किट आणि पुढं लसी बनल्या. २०२१ च्या सुरुवातीला अमरावती आणि विदर्भात रुग्ण अचानक वाढले तेव्हा नमुन्यांच्या सिक्वेन्सिंगमधूनच बदललेला विषाणू समोर आला. त्याच कुळातला एक पुढे डेल्टा म्हणून ओळखला गेला.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाने अतिदक्षता विभागात हे तंत्र वापरून त्याच दिवशी जंतू ओळखून दाखवला आहे. आपल्याकडे मात्र साध्या न्यूमोनियाला याची गरज नाही आणि तालुक्याला ते मिळणारही नाही. कुणी खोकल्यासाठी महागडं "जिनोम पॅकेज" गळ्यात मारत असेल तर आधी सरकारी डॉक्टरला विचारा.

सिक्वेन्सिंगला जमत नाही ते

बेडक्यात जंतू फार कमी असतील तर वाचन अर्धवट राहतं. मेलेल्या जंतूचा डीएनएही वाचला जातो, त्यामुळे औषध चालू असताना "टीबी बरा झाला का" हे याने ठरवता येत नाही, त्याला कल्चरच लागतं. काही बदलांचा अर्थ अजून यादीत पक्का नाही. मशीन, रसायनं, प्रशिक्षित माणसं आणि नमुना थंड ठेवून वेळेत पोहोचवण्याची सोय, हे सगळं लागतं. महाराष्ट्रात टीबीच्या राज्यस्तरीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्यात आणि नागपुरात आहेत. तालुक्यातून नमुना निघाला की मोठ्या प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता लांबचा आहे, आणि घोडं बऱ्याचदा मशिनीपेक्षा याच रस्त्यावर अडतं.

रुग्णाने आणि घरच्यांनी काय बघायचं

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त यांपैकी काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा, नाहीतर आशाताईंना सांगा. पहिली तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटचीच करून मागा. टीबी निघालेल्या प्रत्येक रुग्णाची रिफाम्पिसिनची तपासणी व्हावी असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियमच आहे, आणि ती मोफत आहे.

नमुना नीट द्या. कुठलंही मशीन थुंकी वाचून टीबी सांगत नाही, त्याला छातीतला बेडका लागतो. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि आतून खोकून काढायचा. मोकळ्या हवेत काढा, घरात नको. डबीचं झाकण घट्ट लावा आणि त्याच दिवशी पोहोचवा. निम्मे नमुने इथंच वाया जातात असं लॅबवाले बोलून दाखवतात, आणि त्यात तथ्य असावं.

आधी कधी टीबीचं औषध घेतलं असेल, अर्धवट सोडलं असेल तरी, लपवू नका. घरात कुणाला एमडीआर असेल तर तेही सांगा. औषध नियमित घेऊनही दोन महिन्यांनी बेडक्यात जंतू दिसत असतील, किंवा मशीन एक सांगतंय आणि तब्येत दुसरं सांगतेय असं असेल, तर जिल्हा क्षयरोग केंद्रात जाऊन पुढच्या तपासणीबद्दल विचारा: एलपीए झाली का, कल्चरला नमुना गेला का, सिक्वेन्सिंगसाठी पाठवता येईल का. निर्णय डॉक्टरांचा, पण विचारायला काही हरकत नाही. तोवर गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सगळे कागद एका पिशवीत ठेवा आणि निक्षय आयडी लिहून ठेवा. निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये झाले आहेत, त्यासाठी बँक खातं जोडलेलं लागतं. रिपोर्टवर इंग्रजीत "रेझिस्टंट" लिहिलं असेल तर ते औषध चालणार नाही, "सेन्सिटिव्ह" किंवा "ससेप्टिबल" असेल तर चालेल, आणि "इनडिटरमिनेट" म्हणजे उत्तर मिळालं नाही, नमुना पुन्हा द्यावा लागेल. काही कळलं नाही तर टीबीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे १८००-११-६६६६.